ओहोटी, थंडी आणि भुरी

हिवाळ्यात कुत्र्याला घेऊन समुद्रावर जायचं ठरलं की आधी कॅलेंडरातली तिथी पाहावी. सुट्टी, गाडी, खोली हे सगळं नंतर. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास समुद्र काठोकाठ भरलेला, आणि चालायला उरते ती सुरूच्या बनालगतची भुसभुशीत पट्टी. द्वितीयेला मात्र भरती दुपारी दीडची, त्यामुळे सकाळी सात-साडेसातला पाणी पार आत गेलेलं असतं. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण फिरण्याचा बेत आखायला एवढा अंदाज पुरतो. त्यातही पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे उधाण असतं. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली ओसरतं. म्हणून पौर्णिमेनंतरचे किंवा अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवस हे कुत्र्याबरोबर पहाटे चालण्याचे खरे दिवस. उजाडत असतं, ओहोटी लागलेली असते, आणि घट्ट, ओली, सपाट वाळू नजर पोचेल तिथवर पसरलेली असते.

हिवाळ्यात किनारा रुंदही होतो. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा वाळू खरवडून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे बांध रचतात. दसरा-दिवाळी उलटली की लाटा लहान होतात आणि तीच वाळू थोडी थोडी करून काठावर परत आणतात. जुलैत जिथे लाट सुरूच्या मुळांना धडका देत होती, तिथे जानेवारीत पटांगण तयार झालेलं असतं. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याने लाटा बसतात. आणि आपला किनारा पश्चिमेचा असल्याने सूर्य डोंगराआडून उगवतो. उजेड आधी दूर पाण्यावर पडतो, तिथली एखादी होडी पिवळी होते, आणि आपण उभे असतो ती वाळू आणखी बराच वेळ गार सावलीत राहते. कुत्र्यासाठी हा वेळ मोलाचा आहे. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंगातली उष्णता बाहेर काढावी लागते. मे महिन्यात सकाळी आठला दमणारं कुत्रं जानेवारीत साडेनऊपर्यंत आनंदाने धावतं.

दापोली तालुक्यातला मुरुड-कर्द्याचा किनारा मला या कामासाठी सगळ्यात आवडतो. दोन्ही गावांची वाळू सलग आहे, मध्ये खडक आडवे येत नाहीत, आणि सकाळी सातच्या आधी तिथे घोडागाडी नसते, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांसाठी हाका नसतात. दक्षिणेला लाडघर, तांबूस दिसणाऱ्या पाण्यामुळे ज्याला तामसतीर्थ म्हणतात. उत्तरेला हर्णै, मग आंजर्ले, मग वाळूच्या टेकडीचं केळशी, आणि बाणकोटच्या अलीकडे, मंडणगड तालुक्यात, वेळास. एवढ्याशा पट्ट्यात प्रत्येक किनाऱ्याचा स्वभाव निराळा आहे.

माझी कुत्री भुरी पुण्याची. गावठी, वाळूच्याच रंगाची, आखूड केसांची, शेपटीचा वेढा पाठीवर घेतलेली. शहरात तिला डांबरी रस्ता, फाटकं, जिने आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या गल्ल्या एवढंच जग माहीत. ओल्या वाळूवर पाय पडताच ती आधी थबकते, मग पुढचे दोन पाय पसरून खाली वाकते, आणि मग कुणीही न सांगता मोठाले गोल घेत सुटते. कान मागे, पाठ ताणलेली, पायांखालून वाळूचे फवारे. या गोलांना काही हेतू नसतो. ती कशाच्या मागे लागलेली नसते, कशापासून पळतही नसते. एखादा जीव नुसता धावता येतं म्हणून धावतो आहे हे पाहणं ही माझ्यासाठी हिवाळ्यातली सर्वांत मोठी चैन आहे, आणि तिच्यासाठी मी सहा-सात तासांचा प्रवास आनंदाने करते.

धावणं झालं की वास सुरू होतो. इथे माणसाने गप्प राहून मागे चालावं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठ लाखांच्या घरात. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार दहा ते तीस कोटी. त्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. उच्छ्वास त्या चिरांतून बाजूला जातो, म्हणून हुंगताना समोरचा वास विस्कटत नाही. पहाटेच्या मतलई वाऱ्याबरोबर गावाचा वास येतो: चुलीचा धूर, शेण, नारळीच्या बागेतली ओल. ओहोटीच्या रेषेवर समुद्राने रात्री आणून टाकलेलं सगळं असतं: शेवाळ, शिंपले, माकुलाचं पांढरं हाड, जाळ्याचा तुकडा, चप्पल. या रेषेवरून चालायला भुरीला किती वेळ लागेल हे ती ठरवते. वाळूतले बारीक खेकडे बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडून ठेवतात. वाळूतलं अन्न चोखून घेतल्यावर उरलेल्या वाळूच्या त्या गोळ्या. भुरी प्रत्येक बिळाशी नाक नेते, आत काहीतरी सरकतं, ती दचकून मागे उडी मारते, आणि पुढच्या बिळाशी पुन्हा तेच.

हेच नाक हिवाळ्यातला खरा प्रश्न आहे.

नोव्हेंबर ते मार्च हा कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांचा अंडी घालण्याचा काळ. मादी रात्री भरतीच्या पाण्याबरोबर येते, भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारून अंगाने चोपते आणि परत जाते. पिल्लांना बाहेर पडायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात. वाळू किती तापते त्यावर नर निपजणार की मादी हे ठरतं. एवढे दिवस ती अंडी कुणाच्याही पहाऱ्याविना तिथे असतात. कोल्हा त्यांच्या वासावर येतो, घोरपड येते, आणि गावातली मोकळी कुत्री येतात. आपल्याला वरून काहीही दिसत नाही अशी ती वाळू कुत्र्याला मात्र सगळं सांगत असते.

वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने कासवांची घरटी वाचवण्याचं काम सुरू केलं, तेव्हा अंड्यांचा सगळ्यात मोठा चोर माणूसच होता. संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेतलं. पहाटे किनारा धुंडाळायचा, मादीच्या परतीच्या खुणांवरून घरटं शोधायचं, अंडी जपून उचलायची आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा ठेवायची. पिल्लं निघण्याचे दिवस जवळ आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि ठरावीक वेळाने उचलून पाहतात. हे काम आता वन विभाग, कांदळवन प्रतिष्ठान आणि गावोगावचे कासवमित्र मिळून कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर करतात. कुंपणातली अंडी कुत्र्यांपासून सुरक्षित असतात. अडचण असते ती रात्री घातलेल्या आणि पहाटे अजून कुणाला न सापडलेल्या घरट्याची, आणि आपण फिरायला निघतो ती वेळ नेमकी तीच.

या माद्या किती लांबून येतात हे कळलं की कोरड्या वाळूकडे पाहण्याची नजर बदलते. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी दक्षिणेला उतरत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. २०२१ मध्ये ओडिशात पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी राहतात या समजाला तिने धक्का दिला. एवढा प्रवास करून आलेल्या जीवाचं घरटं माझ्या कुत्रीने दोन मिनिटांत उकरावं, हे मला सहन होणार नाही.

म्हणून माझा नियम सोपा आहे. सुरूच्या बनातून वाळूवर पाऊल टाकण्याआधी भुरीच्या पट्ट्याला दोरी लागते. कोरडी वाळू ओलांडताना दोरी आखूड, हातात घट्ट. भरतीची रेषा मागे पडली, पायाखाली ओली वाळू आली, की दोरी सुटते. परत येताना तसंच उलट. ओल्या वाळूत घरटं नसतं, तिथे तिने कितीही उकरलं तरी पुढची भरती सगळं सपाट करते. काळोख पडल्यावर कुत्र्याला किनाऱ्यावर नेत नाही आणि विजेरीही फिरवत नाही, कारण वाळूवर हालचाल किंवा उजेड दिसला तर पाण्यातून वर येणारी मादी अंडी न घालताच मागे फिरू शकते. सकाळी उलट्यासुलट्या ओरखड्यांचा रुंद पट्टा पाण्यापासून वर गेलेला दिसला तर कुत्र्याला लांब थांबवून गावात कळवायचं. कासवमित्र कोण हे किनाऱ्यालगतच्या कुठल्याही घरात सांगतात. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा घरट्याला हात लावण्याचा उत्साह आपणही दाखवायचा नाही.

कुत्र्याचं नाक कासवाच्या कामीही येऊ शकतं. अमेरिकेत टेक्सासच्या पॅड्रे आयलंड नॅशनल सीशोरवर केम्प्स रिडले या त्याहून दुर्मिळ कासवाची घरटी माणसांना सापडेनाशी होत, कारण वाऱ्याने खुणा पुसल्या जात. तिथल्या कासवतज्ज्ञ डॉ. डोना शेव्हर यांचा केर्न टेरियर जातीचा छोटा कुत्रा त्यासाठी तयार करण्यात आला. त्याचं नावच रिडले. माणसांनी शोधून सोडून दिलेली घरटी त्याने वासावरून दाखवली. आपल्याकडच्या एखाद्या हुशार गावठी कुत्रीला असं शिकवून पाहावं, असं मला भुरीकडे बघताना नेहमी वाटतं.

कोरड्या वाळूचं असं मिटलं, तरी ओली वाळूही पूर्ण आपली नसते. तिथे हिवाळी पाहुणे असतात. चिखल्या आणि तुतवार हे मुठीएवढे पक्षी लाट मागे गेली की तिच्यामागे पळतात, वाळूत चोच खुपसून किडे काढतात, आणि लाट आली की तिच्यापुढे पळत परततात. काही चिखल्या हिमालय-तिबेटकडून येतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटच्या सरोवरांवरून. त्यांना खायला मिळतं ते ओहोटीच्या काही तासांत. मार्च-एप्रिलात परतीच्या उड्डाणासाठी लागणारी चरबी याच वाळूवर जमवायची असते. कुत्रं त्यांना पकडू शकत नाही, तेव्हा बिघडलं कुठे, असं वाटणं साहजिक आहे. पण दर वेळी उठलेला थवा खाणं थांबवतो, उडण्यात ताकद घालवतो, आणि लांब जाऊन बसतो. एका सकाळी पाच कुत्र्यांनी पाचदा उठवलं तर त्या पक्ष्यांची ओहोटी वायाच गेली.

पक्ष्यांचे थवे सगळीकडे पसरलेले नसतात. ते बहुधा खाडीच्या मुखाशी, ओढा समुद्राला मिळतो तिथे, चिखलट वाळूवर जमतात. आंजर्ल्याला खाडीच्या बाजूला, केळशीला नदीच्या तोंडाशी. किनाऱ्याचा मधला लांब पट्टा बऱ्याचदा रिकामाच असतो. खाडीची टोकं पक्ष्यांना, मधला पट्टा कुत्र्यांना, अशी वाटणी केली तर कुणाचंच अडत नाही. पांढुरका ठिपक्यांचा पट्टा लांबून दिसला की मी भुरीला हाक मारते. ती येते, कारण खिशात सुका बोंबील असतो. हाक मारल्यावर येण्याची सवय नसलेलं कुत्रं किनाऱ्यावर मोकळं सोडूच नये. लांब दोरी लावली तरी त्याला भरपूर धावता येतं.

माणसांचंही असंच आहे. किनारा गावाची कामाची जागा आहे. कुठे मासळी सुकत घातलेली असते, कुठे जाळी पसरून त्यांची दुरुस्ती चाललेली असते. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात तर सकाळी रापण ओढणारी माणसं दिसतील. दोन्ही दोर खांद्यावर घेऊन ती मागे मागे सरतात, आणि जाळं वाळूवर आलं की ताजी मासळी तडफडत असते. अशा वेळी आपलं कुत्रं तिथे तोंड घालायला गेलं तर ते कुणाच्या तरी दिवसाच्या कमाईत तोंड घालतं. नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे आणि गळाचे आकडे वाळूत पडलेले असतात, ते पायात किंवा जबड्यात रुततात. मेलेला केंड मासा दिसला तर कुत्र्याला झटकन दूर न्यायचं. त्याच्या विषावर उतारा नाही. समुद्राचं पाणी पोटभर प्यायलं तर उलट्या-जुलाब होतात, म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी सोबत असलीच पाहिजे. फिरून आल्यावर गोड्या पाण्याने अंग, पायांच्या बोटांमधल्या फटी आणि कानांच्या पाळ्या धुवायच्या. उन्हं वर आली की वाळूला पालथा हात लावून पाहायचा. रत्नागिरीच्या काळ्या वाळूचे पट्टे पांढऱ्या वाळूपेक्षा लवकर तापतात.

गावची कुत्री हा वेगळा विषय आहे. प्रत्येक वाडीच्या वाटेवर त्यांची हद्द ठरलेली असते, आणि शहरातून आलेलं कुत्रं ती ओलांडणार म्हटल्यावर ती उठतात. भुंकणं बहुतेक वेळा तेवढ्यावरच राहतं. दोरी ढिली ठेवून, न थांबता, न ओरडता चालत राहिलं की पाण्याच्या कडेपर्यंत ती सोबत येतात आणि मग वळतात. त्यातलं एखादं दुसऱ्या दिवशी भुरीबरोबर धावायलाही येतं. रेबीजची लस झालेली असणं मात्र इथे अत्यावश्यक. आणि एक कळकळीची विनंती: सुट्टीत या कुत्र्यांना रोज कोंबडी-भात घालून पाठ फिरवू नका. हंगामात अन्नाच्या आशेने किनाऱ्यावर जमलेली कुत्री हंगाम सरल्यावर तिथेच राहतात, आणि त्यांची भूक कासवाच्या घरट्यांवर जाते. मदतच करायची असेल तर त्यांच्या नसबंदीला आणि लसीकरणाला पैसे द्या.

राहण्याची सोय हल्ली होते. किनाऱ्यालगतच्या घरगुती निवासांत फोनवर आधी विचारलं तर बरेच जण हो म्हणतात. अटी असतात आणि त्या वाजवी असतात. आम्ही जिथे उतरतो तिथल्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की कोंबड्या संध्याकाळपर्यंत मोकळ्या असतात, तोवर कुत्री पडवीत बांधायची, आणि स्वयंपाकघराच्या दारापलीकडे तिला आणायचं नाही. भुरीला हे मान्य आहे. शेणाने सारवलेल्या खळ्यात उन्हाची तिरीप येते तिथे ती समुद्रावरून आल्यावर दुपारपर्यंत आडवी पडते. काकू येता-जाता तिला नावाने हाक मारतात, आणि निघताना भाकरीचा तुकडा तिच्यासाठी निराळा ठेवलेला असतो.

इंग्लंडमध्ये किनाऱ्यावर कुत्रं नेण्याचं गणित निराळं आहे. तिथल्या पुष्कळ किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर कुत्र्यांना मज्जाव असतो, कारण तेव्हा माणसं पोहायला येतात. ऑक्टोबर लागला की बंदी उठते. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही मग जाड कोट घालून, कुत्र्यांना घेऊन भर थंडीत किनारे तुडवतात. तिथला हिवाळा माणसांचा नसल्यामुळे कुत्र्यांचा झाला. पण वन्यजीवांचा तो तिथेही आहेच. नॉरफोकमध्ये होर्सीच्या वाळूवर नोव्हेंबर ते जानेवारी करड्या सील माद्या पांढऱ्याशुभ्र पिल्लांना जन्म देतात, आणि सोलंटच्या काठावर सैबेरियातून आलेले ब्रेंट हंस चरत असतात. अशा ठिकाणी कुत्र्याला दोरी लावा, अंतर ठेवा, असे स्पष्ट फलक असतात, आणि कुठल्या पट्ट्यात मोकळं सोडता येईल तेही समजतं.

आपल्याकडे फलक नाहीत. कोकणातले किनारे कुत्र्यांना मोकळे आहेत ते कुणी विचारच केलेला नाही म्हणून. ही मोकळीक फार दिवस राहणार नाही. २०२५ मध्ये राज्यातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं: श्रीवर्धन, नागाव, पर्णका, गुहागर आणि लाडघर. या मानांकनाच्या निकषांत किनाऱ्यावर कुत्र्यांच्या आणि इतर पाळीव प्राण्यांच्या वावरावर कडक नियंत्रण ठेवण्याची अट आहे. पोहण्याच्या जागेपुरती ती मला पटते. लहान मुलं जिथे वाळूचे किल्ले करतात तिथे कुत्र्याची विष्ठा नकोच, आणि ती उचलायला पिशवी न बाळगणाऱ्याने कुत्रं पाळू नये. भीती आहे ती पुढच्या पायरीची. कुणा एकाच्या मोकाट कुत्र्याने घरटं उकरलं किंवा मुलाला ओरबाडलं की गाव एका ठरावाने सगळा किनारा बंद करील, आणि तेव्हा गावाला दोष देता येणार नाही.

त्याआधी कुत्रं पाळणाऱ्यांनीच पुढाकार घ्यायला हवा. मुरुड-कर्द्यासारख्या लांब किनाऱ्यावर मधला एखादा पट्टा, नोव्हेंबर ते मार्च, सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि फक्त भरतीरेषेच्या खाली, कुत्र्यांना मोकळा ठेवता येईल. सुरूच्या बनातून येणाऱ्या वाटेवर मराठीत एक फलक लागेल: कोरड्या वाळूत दोरी, खाडीच्या टोकाला प्रवेश नाही, विष्ठा उचलणं सक्तीचं, कासवमित्राचा फोन नंबर. शेजारी विष्ठेसाठी डबा. त्या पट्ट्यासाठी कुत्र्यामागे थोडं शुल्क घेतलं तर मी ते आनंदाने भरीन, आणि ते गावच्या कुत्र्यांच्या लसीकरणाला लावावं असं सुचवीन. फलकावरचे नियम मात्र कासवमित्रांनी, मच्छीमारांनी आणि निवास चालवणाऱ्या काकूंनी बसून ठरवावेत. पुण्या-मुंबईहून आलेल्यांनी ते पाळावेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. तेव्हा घरट्यांचा हंगाम भरात असतो, पाहुणेही गावात असतात, आणि कुठल्या पट्ट्यात काय दिसलं हे सगळ्यांना ताजं आठवत असतं.